एकच पंचमी, दोन महिने

संक्रांतीचा तिळगूळ अजून डब्यात असतो, तोच इंदूरच्या मराठी घरांत एक ठराविक प्रश्न निघतो. यंदा होळी लवकर की उशिरा? पुण्याला दिलेली लेक विचारते, बंगळूरला नोकरीस असलेला मुलगा विचारतो. एकाला रजेचा अर्ज द्यायचा असतो, दुसरीला मुलांच्या परीक्षा सांभाळून यायचे असते. घरातले वडीलधारे माणूस मग चष्मा पुसते आणि भिंतीवरचे पंचांग उतरवते. तिथून घोळास आरंभ होतो. कारण आपल्या घरांत बहुधा एक नव्हे, दोन पंचांगे असतात.

एक मराठी, पुण्या-मुंबईहून आलेले किंवा त्या वळणाचे. दुसरे इथल्या बाजारातले, हिंदी. दोन्ही खरी, दोन्ही एकाच चंद्राची. पण महिना कुठे संपवायचा याविषयी दोघांचे मत निराळे. आपला महिना अमावास्येला संपतो, माळव्याचा पौर्णिमेला. म्हणून शुद्ध पक्षात दोघांचे एकमत असते. वसंत पंचमी दोघांकडे माघातलीच, रथसप्तमीही माघातली, होळीची पौर्णिमा दोघांकडे फाल्गुनाचीच. वद्य पक्ष लागला की मात्र नावे फुटतात. महाशिवरात्र आपल्याकडे माघ वद्य चतुर्दशी, तर शेजारच्या माळवी घरी फागुन बदी चौदस. आपली रंगपंचमी फाल्गुन वद्य पंचमी. त्यांच्या पंचांगात तीच चैत बदी पंचमी. दिवस तोच, रंग तोच, राजवाड्यावरची गेर तीच.

सणाच्या बाबतीत या भेदाने कोणाचे काही बिघडत नाही. गावात ढोल वाजले की सण कळतो. बिघडते ते घरच्या तिथीच्या बाबतीत, आणि त्याचा अनुभव आमच्याच घरी आला.

आमचे थोरले बंधू फाल्गुन वद्य सप्तमीला गेले. त्यांचा मुलगा इथेच वाढला, हिंदी शाळेत शिकला, पुढे नोकरीसाठी दक्षिणेत गेला. वडिलांची तिथी त्याला पाठ होती. वर्षश्राद्धासाठी त्याने फोनवरच्या हिंदी पंचांगात ‘फाल्गुन कृष्ण सप्तमी’ शोधली, त्याप्रमाणे रजा घेतली आणि न कळवता फेब्रुवारीतच दारात उभा राहिला. हिंदी फाल्गुनाची कृष्ण सप्तमी म्हणजे आपल्या माघाची वद्य सप्तमी. लेकरू पुरता एक महिना आधी आले होते. वहिनींनी त्याला पाटावर बसवले, ताट वाढले आणि जेवण झाल्यावर एवढेच म्हणाल्या, “आलास, फार बरं वाटलं. पण बाबांची तिथी पुढच्या महिन्यात आहे रे.”

पुढच्या महिन्यात त्याला रजा मिळाली नाही. श्राद्ध मी केले. शीतला सप्तमीचा तो दिवस. शेजारच्या घरी चूल थंड, आदल्या दिवशीचे अन्न नैवेद्याला, आणि आमच्या घरी पिंडदानाची तयारी. वहिनींनी तक्रार केली नाही. पण त्या दिवशी त्यांची नजर दाराकडे होती, ती मला अजून दिसते.

तेव्हापासून दर पौषात आम्ही घरचा एक कागद करतो. चार रकाने : मराठी तिथी, हिंदी तिथी, तारीख, वार. सणाबरोबर घरची श्राद्धे, वाढदिवस, मुंजीचे मुहूर्त सारे त्यात येते. एक प्रत कपाटाच्या दाराला चिकटवतो, एक परगावच्या मुलांना धाडतो. काम तासाभराचे आहे, आणि करताना कितीतरी गोष्टींचा उलगडा होतो.

पहिली गोष्ट हळदीकुंकवाची. संक्रांत सूर्याची, म्हणून ती १४ किंवा १५ जानेवारीस ठाम उभी. रथसप्तमी चंद्राची, ती पुढेमागे सरकते. २०२४ साली ती १६ फेब्रुवारीस होती, म्हणजे बायकांना हळदीकुंकवासाठी महिन्याहून अधिक अवधी मिळाला. २०२६ साली तीच २५ जानेवारीस. अवघे अकरा दिवस. ज्या घरी वाणाची खरेदी सावकाश करण्याची रीत आहे, त्यांची अशा वर्षी त्रेधा उडते.

दुसरी गोष्ट अधिक मासाची. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणून सण दरसाल दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतात. महाशिवरात्र २०२४ साली ८ मार्चला, २०२५ साली २६ फेब्रुवारीला, २०२६ साली १५ फेब्रुवारीला. मग अधिक महिना येतो आणि गाडी पुन्हा मागे ढकलतो. २०२३ साली अधिक श्रावण होता; २०२६ साली अधिक ज्येष्ठ, म्हणून २०२७ ची शिवरात्र ६ मार्चला. एवढे ध्यानात ठेवले तर ‘लवकर की उशिरा’ याचे उत्तर पंचांग न उघडताही देता येते.

तिसरी गोष्ट सुट्टीची. रंगपंचमीला इंदुरात स्थानिक सुट्टी असते; इथे तो धुळवडीपेक्षाही मोठा दिवस. पुण्या-मुंबईच्या कचेऱ्या मात्र धुळवडीला बंद राहतात आणि पंचमीला सर्रास उघड्या असतात. म्हणून तिकडच्या मुलांना पंचमीसाठी स्वतःची रजा मोडावी लागते, आणि ती आधी सांगितल्याशिवाय मिळत नाही. २०२६ साली शिवरात्र आणि रंगपंचमी (८ मार्च) दोन्ही रविवारी. सुट्टी बुडाली म्हणून इथले चाकरमाने हळहळणार, पण परगावच्यांना तोच रविवार सोयीचा. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी खुले होऊ लागले. तेव्हा पंचमीच्या प्रवासाचा विचार संक्रांतीच्या सुमारासच झाला पाहिजे.

आणि यायचे तर आदल्या रात्री यावे. पंचमीच्या सकाळी गेर निघाली की राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांत पाऊल टाकायला जागा नसते. रंगाचे फवारे मजल्या-मजल्यांवर चढतात. खुद्द राजवाड्यालाही ताडपत्रीचे पांघरूण घालावे लागते. अशा गर्दीतून पेटी घेऊन जुन्या वस्तीतल्या घरी पोचणे कोणालाही साधणार नाही. करोनामुळे २०२० आणि २०२१ साली गेर निघाली नाही, तेव्हा तो मोकळा रस्ताच जुन्या माणसांना खायला उठला होता. २०२२ साली ती पुन्हा निघाली, आणि कित्येक घरांत पाहुण्यांना गाद्या कमी पडल्या.

होळीनंतरचे ते पाच-सात दिवस आपल्या घरांत दाटीवाटीचेच असतात. पौर्णिमेची पुरणपोळी, प्रतिपदेची धुळवड, द्वितीयेला तुकाराम बीज, तृतीयेला तिथीप्रमाणे शिवजयंती, पंचमीला रंग, षष्ठीला एकनाथ षष्ठी. त्यातच बोर्डाच्या परीक्षा. माळव्याने आपल्याला बीजेची भाऊबीज आणि सप्तमीचे थंड अन्न दिले, आपण ते घेतले. होळकरांच्या काळापासून इथे राहून दोन्ही पंचांगे आपण भिंतीवर शेजारी शेजारी टांगली, यात आपले वैभव आहे. दोन्ही वाचता येणारी माणसे मात्र घरोघरी कमी होत चालली आहेत.

यंदा वहिनींचा पुतण्याला निरोप गेला नाही; कागद गेला, तोही त्यांच्याच मुलाला. त्यात सप्तमीच्या ओळीवर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले होते : “फाल्गुन वद्य, म्हणजे तुझ्या फोनातला चैत्र.” चार दिवसांनी त्याचे उत्तर आले. तिकीट काढले होते, आणि या खेपेस महिना बरोबर होता.