कृष्णाकाठची नाव आणि तिचे शब्दकुळ

कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या चार नद्यांच्या सान्निध्यात वसलेल्या शिरोळ तालुक्यात, पूल होण्यापूर्वी बाजार, कचेरी, देवदर्शन किंवा सोयरीक यांपैकी कोणत्याही निमित्ताने पैलतीरी जावयाचे म्हणजे नावेवाचून गत्यंतर नसे. आणि म्हणूनच नावेशी निगडित शब्दांचे मूळ शोधण्यास याहून उचित प्रदेश मला सुचत नाही.

पार जाणे या अर्थाच्या ‘तॄ’ या एकाच संस्कृत धातूचा विस्तार पाहावा. नावेचे जुने नाव ‘तरी’, गलबताचे ‘तारू’, नदी पायी ओलांडता येईल त्या जागेचे ‘उतार’, नावेतल्या प्रवाशाचे ‘उतारू’, हा सारा त्याचाच परिवार. पंचगंगा जेथे कृष्णेस मिळते त्या नृसिंहवाडीस आपण तीर्थ म्हणतो, त्या शब्दाचा मूळ अर्थही पाण्यात उतरण्याची, पार होण्याची जागा असाच आहे. आणि ज्या नृसिंह सरस्वतींना भाविक दत्तात्रेयांचा अवतार मानतात, त्या ‘अवतार’ शब्दातही हाच धातू नांदतो आहे.

‘नाव’ हा शब्द संस्कृत ‘नौ’पासून आला, आणि इंग्रजीतील ‘नेव्ही’ ज्या लॅटिन शब्दापासून निघाला तो या ‘नौ’चा सख्खा भाऊ होय. मळमळीस इंग्रजीत ‘नॉशिया’ म्हणतात, तोही ग्रीकांच्या नौकावाचक शब्दातून, म्हणजे बोट लागण्याच्या अनुभवातून निघालेला.

सर्वांत अर्थगर्भ शब्द मात्र नाव वळवणाऱ्याचे आहेत. संस्कृतात ‘कर्ण’ म्हणजे सुकाणूही, आणि ते धरणारा तो कर्णधार. तिकडे ग्रीकांचा सुकाणू धरण्याचा शब्द लॅटिनमार्गे इंग्रजीत जाऊन ‘गव्हर्नर’ झाला. राज्य चालवणे आणि नाव हाकणे यांतील साम्य दोन्हीकडच्या लोकांनी ओळखले, हे मला फार मोलाचे वाटते. लहान नावेचा नावाडी मागे उभा राहून वल्ह्यानेच तिचे तोंड फिरवतो. उत्तर युरोपातील प्राचीन नावांना असेच दिशादर्शक वल्हे उजव्या अंगास असे, म्हणून जहाजाची उजवी बाजू ‘स्टारबोर्ड’ ठरली. डावीचे नाव ‘लारबोर्ड’. परंतु दोन्ही उच्चारांत घोटाळा होऊ लागल्याने ब्रिटिश आरमारखात्याने 1844 मध्ये हुकूम काढून डावीस ‘पोर्ट’ म्हणण्याचे ठरवले.

खुद्द ‘सुकाणू’ आणि ‘खलाशी’ अरबी, ‘बंदर’ आणि ‘किनारा’ फारसी, ‘आरमार’ पोर्तुगीज. समुद्रमार्गे व राजदरबारातून आलेले हे शब्द मराठीने असे आपलेसे केले की परकेपणाची शंकाही येऊ नये. ‘नांगर’ शब्दाचे तर नवलच: शेतातला संस्कृत ‘लाङ्गल’पासून आणि नावेचा फारसी ‘लंगर’पासून, अशी दोन भिन्न कुळांची माणसे एकाच नावाने नांदत आहेत.

2005 आणि 2019 च्या महापुरांत या तालुक्यातील गावे वेढली गेली, तेव्हा बचावपथकांच्या रबरी बोटी धावून आल्या. अशा लहान बोटीस इंग्रजीत ‘डिंगी’ म्हणतात, आणि तो शब्द इंग्रजांनी आपल्याच देशातील हिंदी-बंगाली ‘डिंगी’वरून उचललेला. गुऱ्हाळात रस आटवण्याची रुंद काहील मात्र पाणी चढले की आजही अनेकांच्या उपयोगी पडते. तीत माणसे बसवून पट्टीचे पोहणारे ती ढकलत नेतात, आणि तिला नावेचे कोणतेही नाव न देता काहीलच म्हणतात.