यंत्र कोणतेही, उत्तर एकच

समजा तुमच्या शाळेतील २५० मुलांनी सहलीसाठी प्रत्येकी १५० रुपये भरले. एकूण रक्कम झाली ३७,५०० रुपये. हा हिशेब करणारी आज्ञावली तुम्ही सी भाषेत लिहिली. नव्या संगणकावर उत्तर बरोबर आले. तीच आज्ञावली डॉस प्रणालीच्या जुन्या संगणकावर चालवली, तर पडद्यावर दिसले उणे २८,०३६! चूक कोणाची? संगणकाची की आपली?

सी भाषेत पूर्ण संख्या ठेवण्यासाठी 'इंट' नावाची जागा वापरतात. तिला आपण डबा म्हणू. डॉसच्या जुन्या संगणकांवर हा डबा १६ बिटांचा असे. त्यात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नसे. आजच्या विंडोज व लिनक्स प्रणालींवर तो बहुधा ३२ बिटांचा असतो. सी भाषेचे नियम मात्र ३२,७६७ पर्यंतचेच वचन देतात. आपण वचनापेक्षा जास्त गृहीत धरले, ही आपली चूक. हिशेबातील सर्व संख्या 'लाँग' या डब्यात ठेवल्या असत्या, तर दोन अब्जांपर्यंतचे उत्तर कोठेही बरोबर आले असते.

सी भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार केली. त्या काळी यंत्र बदलले, की बहुतेक कार्यप्रणाली पुन्हा लिहावी लागे. १९७३ मध्ये युनिक्स ही कार्यप्रणाली सी भाषेत लिहिली गेली. पुढे १९७७ मध्ये रिची आणि स्टीव्ह जॉन्सन यांनी ती इंटरडेटा ८/३२ या वेगळ्या यंत्रावर नेली. १९८९ मध्ये अमेरिकेत या भाषेचे प्रमाण नियम ठरले.

दुसरी अडचण क्रमाची. मोठी संख्या संगणक बाइट नावाच्या तुकड्यांत साठवतो. काही यंत्रे लहान किमतीचा तुकडा आधी ठेवतात, तर काही मोठ्या किमतीचा. तुम्हांला हे चटकन समजेल. आपण उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितो. पण त्यातील संख्या डावीकडून उजवीकडे लिहितो. ज्याला हे ठाऊक नाही, तो ४५ ला ५४ वाचील. युनिक्स एका नव्या यंत्रावर नेताना 'यू-एन-आय-एक्स' ऐवजी 'एन-यू-एक्स-आय' अशी अक्षरे उमटली, असे संगणकतज्ज्ञ गमतीने सांगतात. म्हणून दुसऱ्या संगणकावर न्यायच्या फाइलमध्ये संख्या साध्या आकड्यांत लिहावी.

फाइलच्या नावांचेही तसेच. लिनक्सवर इंग्रजी मोठी आणि लहान अक्षरे वेगळी मानली जातात. विंडोजवर सहसा तसा भेद नसतो. म्हणून नाव सगळीकडे एकसारखे लिहावे.

'देश तसा वेश' ही म्हण माणसांसाठी ठीक आहे. आज्ञावलीला मात्र असा वेश द्यावा, की तो प्रत्येक देशात चालेल. "माझ्या संगणकावर तर चालते!" एवढ्यावर समाधान मानू नका. ती दुसऱ्या संगणकावर चालवून पाहा. आपल्या घरची सवय हा जगाचा नियम नसतो, हे संगणकही आपल्याला शिकवतो.

स्वाध्याय
१. जुन्या संगणकावर उत्तर उणे का आले?
२. ३०० मुलांनी प्रत्येकी १०० रुपये भरले, तर त्याच संगणकावर उत्तर बरोबर येईल का? कारण सांगा.
३. 'गृहीत धरणे' हा वाक्प्रचार वाक्यात वापरा.