झोप लागत नसेल तर आधी अंग सैल सोडा



पिकांची, जनावरांची, खतपाण्याची माहिती आपण या पत्रकातून नेहमीच घेतो. या वेळचा विषय मात्र शेती करणाऱ्या माणसाच्या झोपेचा आहे. "शेतीच्या पत्रकात झोप कशाला?" असे कोणी म्हणेल. पण कडबा कुट्टीत वैरण सारणे, मळणी यंत्रावर उभे राहणे, ट्रॅक्टर चालवणे, फवारणीच्या औषधाचे माप घेणे ही सगळी कामे पूर्ण शुद्धीवर राहून करायची आहेत. रात्र तळमळत काढलेल्या माणसाचा डोळा यंत्रापुढे क्षणभर मिटला तरी हाताची बोटे जातात. म्हणून झोप हाही शेतीच्या नियोजनाचाच भाग समजावा.

थकूनही झोप का लागत नाही?

दिवसभर राबलेल्या माणसाला झोप आपोआप लागते असा आपला समज आहे. तो अर्धाच खरा आहे. झोप येण्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली, जागेपणाचे तास पुरेसे झाले पाहिजेत. भूक जशी वाढत जाते तशी झोपेची गरजही जागेपणी वाढत जाते. दुसरी, शरीराचे आतले घड्याळ. ते उजेड-अंधारावर आणि रोजच्या उठण्याच्या वेळेवर चालते. तिसरी गोष्ट आपण विसरतो, ती म्हणजे शरीराने पहारा सोडला पाहिजे.

सोसायटीचा हप्ता, पडलेला भाव, आजारी बैल, मुलीचे लग्न असे विचार डोक्यात फिरू लागले की शरीराला वाटते काहीतरी संकट आले आहे. छाती धडधडते, श्वास वरच्यावर होतो, जबडा, मान आणि खांदे ताठ होतात. बाजेवर माणूस आडवा असतो, पण अंग मात्र रखवालीला बसलेले असते. अशा वेळी "आता झोपलंच पाहिजे" असे स्वतःला बजावले की ताण आणखी वाढतो. रोप ओढून लवकर वाढत नाही, तशी झोपही ओढून आणता येत नाही. आपल्या हातात एवढेच आहे की अंग सैल सोडायचे. बाकीचे काम शरीर करते. त्यासाठी खालील तीन रीती बिनखर्चाच्या आहेत.

रीत पहिली : पोटाने सावकाश श्वास

१. उताणे किंवा कुशीवर, जसे बरे वाटेल तसे पडावे. एक हात पोटावर ठेवावा.
२. नाकाने सावकाश श्वास घ्यावा आणि मनात चारपर्यंत मोजावे. पोटावरचा हात वर उचलला गेला पाहिजे.
३. श्वास सोडताना सहापर्यंत मोजावे. सोडण्याचा वेळ घेण्यापेक्षा जास्त, हे मुख्य सूत्र आहे.
४. श्वास कोंडून धरू नये. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी मोजणे सोडून नुसता संथ श्वास घ्यावा.

असे दहा मिनिटे करावे. श्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात. मध्येच मन हप्त्याकडे गेले तर चिडू नये. पुन्हा एकपासून मोजायला लागावे.

रीत दुसरी : आवळा आणि सोडा

अमेरिकेतील डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी ही रीत शास्त्रशुद्ध मांडली. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९२९ साली निघाले. स्नायू मुद्दाम आवळून मग सोडला की सैलपणा म्हणजे काय ते आपल्याला कळते. एरवी खांदा ताठ आहे हेच आपल्या ध्यानात येत नाही.

पायांपासून सुरुवात करावी. पायाची बोटे आणि पाऊल पाच मोजेपर्यंत आवळावे, मग एकदम सोडून द्यावे. सोडल्यावर पंधरा-वीस मोजेपर्यंत तिथला जडपणा, ऊब जाणवू द्यावी. मग याच क्रमाने पोटऱ्या, मांड्या, पोट, मुठी, दंड, खांदे आणि शेवटी चेहरा व जबडा घ्यावा. आवळताना श्वास रोखू नये आणि सगळा जोर लावू नये. निम्मा जोर पुरे. जिथे दुखापत आहे, कंबर धरली आहे किंवा पायात गोळे येतात, तो भाग आवळू नये, नुसता सैल सोडावा.

आपल्याकडे शवासन हेच काम करते. शवासनाने थकवा जातो व चित्ताला विश्रांती मिळते, असे जुन्या हठयोगप्रदीपिकेत सांगितलेले आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना शवासन शिकवून त्याचा उपयोग तपासला व ते निष्कर्ष १९६९ साली प्रसिद्ध केले. तेव्हा "नुसतं पडून राहून काय होणार?" असे म्हणू नये.

रीत तिसरी : काळजी वहीत उतरवा

काळजी पोकळ असते असे नाही, ती खरीच असते. पण रात्री एक वाजता बँक उघडी नसते आणि बाजार समितीही नसते. म्हणून दिवेलागणीच्या सुमारास, जेवणाआधी, दहा मिनिटे वही घेऊन बसावे. डोक्यात जे आहे ते लिहावे आणि प्रत्येकापुढे उद्याचे एक काम लिहावे. उदाहरणार्थ, "हप्ता – सकाळी सेक्रेटरींना भेटणे", "बैल – जनावरांच्या डॉक्टरांना फोन." उपाय सुचला नाही तर "कोणाला विचारायचे" ते लिहावे. लिहिता येत नसेल तर घरच्या माणसाला सांगावे. रात्री तोच विचार आला तर मनाला सांगता येते, "ते वहीत आहे, उद्या बघू."

रात्रीची लाईट असेल तर

ज्यांच्या फिडरला पाळीने रात्रीची लाईट असते, त्यांना दारे धरायला अंधारात जावेच लागते. त्यांनी झोपेचे दोन तुकडे करावेत. पाण्याला जाण्यापूर्वी दीड-दोन तास झोपून घ्यावे. परत आल्यावर ओले कपडे बदलावेत, पाय कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवून कोरडे करावेत. पाय ऊबदार झाले की अंगातील उष्णता बाहेर पडते आणि झोप लवकर लागते. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर पाणी आधी दुसऱ्याला हात घालून पाहू द्यावे. मग डोळ्यांवर गडद कापड बांधून, घरातल्या माणसांना सांगून, राहिलेली झोप पुरी करावी. त्या दिवशी यंत्रावरचे आणि फवारणीचे काम शक्यतो दुसऱ्या दिवसावर ढकलावे.

या गोष्टी झोप मोडतात

* चहा : पोटात गेलेल्या चहाच्या उत्तेजक द्रव्यापैकी जवळजवळ निम्मे पाच तासांनंतरही अंगात असते. चार वाजल्यानंतरचा चहा बंद करावा.
* तंबाखू, मिश्री, विडी : याने मन शांत झाल्यासारखे वाटते, पण अंग जागे होते.
* मोबाईल : अंथरुणात बाजारभाव किंवा व्हिडिओ पाहू नयेत. फोन हाताला लागणार नाही असा ठेवावा.
* दुपारची लांब झोप : वीस-तीस मिनिटे पुरेत, तीही तीनच्या आत.

झोपेची वेळ मागेपुढे झाली तरी उठण्याची वेळ शक्यतो एकच ठेवावी. अंथरुणात वीसेक मिनिटे झोप लागली नाही तर तळमळत पडू नये. उठून ओसरीवर मंद उजेडात शांत बसावे आणि डोळे जड झाल्यावरच परत यावे. घड्याळ पाहू नये.

श्रोत्यांच्या नेहमीच्या शंका

*दारू घेतली की पटकन झोप लागते, मग बिघडलं कुठं?*
झोप पटकन लागते हे खरे. पण उत्तररात्री ती मोडते, घोरणे वाढते आणि हळूहळू मात्रा वाढवावी लागते. हा उपाय नव्हे.

*झोपेची गोळी दुकानातून आणावी काय?*
डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मुळीच नाही. दारूबरोबर तर ती जिवावर बेतते. दुसऱ्याला दिलेली गोळीही घेऊ नये.

*किती दिवसांत गुण येईल?*
पहिल्याच रात्री चमत्कार होत नाही. रोज ठरल्या वेळी निदान पंधरा दिवस करावे. दिवसा एकदा सराव केला तर रात्री लवकर जमते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री झोप न येणे महिनोन् महिने चालले, जोराने घोरताना श्वास अडकतो असे घरचे सांगत असतील, किंवा झोपताना पायांत अस्वस्थता येऊन ते सारखे हलवावेसे वाटत असतील, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. या तक्रारींवर उपचार आहेत.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. झोप उडाली आहे, जेवणावर वासना नाही, कशातच मन लागत नाही, "आपण नसलेलो बरे" असे वाटते, तर हा नुसता झोपेचा प्रश्न नाही. तो आजार आहे आणि तो बरा होतो. त्याच वेळी घरातल्या माणसाला उठवावे आणि सांगावे. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही फुकट फोन करता येतो व मराठीत बोलता येते. घरच्यांनी असा माणूस एकटा सोडू नये, आणि कीटकनाशके कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. शेजाऱ्याचा दिवा रोज मध्यरात्रीपर्यंत जळताना दिसला तर सकाळी जाऊन विचारावे, "दादा, झोप नाही का लागत?" एवढ्या विचारण्यानेही माणूस बोलता होतो.

थोडक्यात : संध्याकाळी वही, चारनंतर चहा नाही, अंथरुणात फोन नाही. पडल्यावर आधी लांब श्वास, मग पायापासून चेहऱ्यापर्यंत आवळा आणि सोडा. झोप आली तर उत्तम, नाही आली तरी अंगाला विसावा मिळालाच. हे पत्रक बाजेजवळच्या भिंतीला लावून ठेवा आणि आज रात्रीपासूनच सुरुवात करा.