पांढऱ्या रस्त्यांचा मुलूख

इटलीचे नाव काढले की आपल्या कला शाखेच्या विद्यार्थ्याला दान्ते आठवतो, मायकेलँजेलो आठवतो, फार तर रोमचे भग्नावशेष आठवतात. मला आठवतो तो खडीचा, धुळीने माखलेला, टेकडीवरून वळत जाणारा एक पांढरा रस्ता. मी इटलीला गेलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण रोज जाऊन-येऊन बावीस किलोमीटर सायकल हाणीत महाविद्यालयात येणाऱ्या माणसाला सायकलीच्या शर्यतींचे वेड लागले, तर त्यात नवल ते काय? गेली काही वर्षे दर मार्च महिन्यात मी सिएना शहराभोवती होणारी ‘स्त्रादे बियांके’ ही शर्यत पाहत आलो आहे. या नावाचा अर्थच मुळी ‘पांढरे रस्ते’. शर्यतीच्या नादाने त्या मुलखाविषयी मिळेल ते वाचीत गेलो आणि ध्यानात आले की, हे रस्ते असे का राहिले याची हकीकत शर्यतीपेक्षाही रंजक आहे.

तोस्काना प्रांताच्या मध्यभागी सिएना आहे. तिच्या आग्नेयेला ‘क्रेते सेनेसी’ नावाचा उघडाबोडका डोंगराळ भाग पसरला आहे. ‘क्रेते’ म्हणजे चिकणमाती. लाखो वर्षांपूर्वी येथे समुद्र होता आणि त्याच्या तळाशी साचलेला राखी रंगाचा गाळ म्हणजेच ही जमीन. उन्हाळ्यात तिला आपल्या काळ्या मातीसारख्या भेगा पडतात आणि पावसात ती तशीच चाकाला चिकटते. मार्च ते मे या काळात सगळ्या टेकड्या गव्हाने हिरव्यागार असतात, जूनमध्ये पिवळ्या पडतात आणि नांगरट झाली की राखेसारख्या दिसू लागतात. सिएनाच्या उत्तरेला कियान्ती. तेथील डोंगर दगडाळ आणि झाडीचे; त्यांवर द्राक्षमळे आणि ऑलिव्हच्या बागा. दक्षिणेला ओर्च्या नदीचे खोरे आहे. हे खोरे २००४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. सिएना शहर त्या यादीत १९९५ पासूनच आहे.

आता या मुलखात रस्त्यांचे एवढे जाळे का? आपल्याकडे शेतकरी गावठाणात राहतो आणि सकाळी उठून शिवारात जातो. तोस्कानात शेकडो वर्षे ‘मेझ्झाद्रिया’ नावाची पद्धत चालू होती. आपण जिला बटई किंवा अर्धेली म्हणतो, तीच ही. जमीन, घर आणि भांडवलाचा मोठा भाग मालकाचा, राबणारे कुटुंब कुळाचे, आणि उत्पन्न निम्मे-निम्मे. मालकाचा आग्रह असा की, कुळाने वस्ती शेतावरच करावी. म्हणून प्रत्येक टेकडीवर एक दगडी घर, त्याभोवती गहू, द्राक्षे, ऑलिव्ह, थोडी जनावरे असा एकेक स्वयंपूर्ण तुकडा, ‘पोदेरे’, तयार झाला. आणि प्रत्येक पोदेरेला गाडीरस्ता हवाच. क्यानीना जातीच्या थोराड पांढऱ्या बैलांच्या गाड्या ज्या वाटांनी द्राक्षे आणि धान्य मालकाच्या कोठारात नेत, त्याच वाटांवर जवळपासच्या फिकट दगडाची बारीक खडी अंथरली गेली.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही घडी विस्कटली. तरुण माणसे कारखान्यांच्या शहरांकडे निघाली. १९६४ च्या कायद्याने मेझ्झाद्रियाचे नवे करार बंद झाले आणि १९८२ च्या कायद्याने उरलेले करार खंडाच्या शेतीत बदलण्याचा मार्ग खुला झाला. कूळ सुटले, पण सुटले म्हणजे बहुधा निघूनच गेले. हजारो घरे ओस पडली. १९८५ च्या जानेवारीत अशी थंडी पडली की, तोस्कानातील ऑलिव्हची असंख्य झाडे जळून गेली. ज्या घराशी कोणी राहत नाही, त्या घराच्या रस्त्याला डांबर कोण घालणार? हे रस्ते पांढरे राहिले ते प्रथम कोणाच्या रसिकतेमुळे नव्हे, तर माणसे गेली म्हणून. चित्रांच्या पुस्तकांत ही गोष्ट लिहिलेली नसते.

पुढे रिकामी घरे शहरवाल्यांनी आणि परदेशी लोकांनी विकत घेतली, मोटारी आल्या, आणि डांबराची मागणीही आली. त्या वेळी कियान्तीतील गायोले या छोट्या गावात जांकार्लो ब्रोच्ची नावाच्या गृहस्थाने १९९७ मध्ये एक सायकलफेरी काढली. तिचे नाव ‘लेरोइका’, म्हणजे वीरांची. पहिल्या वर्षी ९२ सायकलस्वार आले. आता दर ऑक्टोबरात हजारो येतात. नियम मोठा गमतीचा आहे : सायकल १९८७ च्या आधीच्या घडणीची, पोलादी सांगाड्याची हवी; गिअर बदलण्याचे खटके सांगाड्याच्या तिरक्या नळीवर हवेत; ब्रेकच्या तारा हँडलवरून उघड्या लोंबत्या हव्यात; पायडलला पाऊल अडकवायला चामडी पट्टा. अंगात लोकरी सदरा. सर्वांत लांब फेरी २०९ किलोमीटरांची. तिचे स्वार पहाटेच्या अंधारात दिवे लावून निघतात. वाटेत थांब्यावर शिळ्या पावाचे आणि भाज्यांचे दाट कढण मिळते, आणि द्राक्षांचा मुलूख असल्यामुळे दारूचा पेलाही. ही नुसती हौस नव्हती. रस्त्यावर डांबर पडू नये म्हणून लोकांना त्या रस्त्यावर आणणे, हा तिच्यामागचा हेतू होता आणि तो बराचसा साधला. आज हे रस्ते जपण्यासारखी वस्तू मानले जातात.

या फेरीतूनच २००७ साली व्यावसायिकांची शर्यत जन्मली. स्त्रियांची शर्यत २०१५ पासून होते. पुरुषांचे अंतर अलीकडे दोनशे किलोमीटरांच्या वर असते आणि त्यातला तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक खडीवर. खडीवर चालवण्याचे शास्त्र मात्र आपल्याही कामाचे आहे. डांबरी चढावर माणूस पायडलवर उभा राहून जोर मारतो. खडीवर तसे केले की मागच्या चाकावरचा भार हलका होतो आणि ते जागच्या जागी घसरते. म्हणून बसूनच चढायचे. उतारावर हँडल करकचून धरायचे नाही; पुढचे चाक थोडे इकडेतिकडे जाणारच, त्याला जाऊ द्यायचे. पुढचा ब्रेक वळणाच्या आधी दाबायचा, वळणात नाही. टायर जरा रुंद आणि हवा जरा कमी, म्हणजे रबर खडीला धरून राहते. चढाची कल्पना यावी म्हणून एक हिशेब देतो. शंभर मीटरला दहा मीटर चढणारा रस्ता घेतला, स्वार आणि सायकल मिळून ७८ किलो धरले आणि वेग ताशी अवघा नऊ किलोमीटर धरला, तरी नुसते वर चढण्यासाठी सुमारे १९० वॉट लागतात. वारा आणि खडीचे घर्षण वेगळेच. जुन्या सायकलींना आजच्याइतके हलके गिअर नसत. लेरोइकात म्हणूनच कित्येक जण उतरून चालतात, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

पाऊस आला की सारे बदलते. २०१० साली ‘जिरो दितालिया’ या इटलीच्या महाशर्यतीचा एक टप्पा याच रस्त्यांवरून मोन्ताल्चिनोला गेला, तेव्हा स्वार चिखलाने असे माखले की अंगावरचा संघाचा रंग ओळखता येईना. तो टप्पा ऑस्ट्रेलियाच्या कॅडेल एव्हन्सने जिंकला. स्वित्झर्लंडचा फाबियान कान्चेलारा हा २००८, २०१२ आणि २०१६ मध्ये स्त्रादे बियांकेचा विजेता ठरला. अशा तीन विजयांचा मान म्हणून मोन्ते सान्ते मारिये या कठीण पट्ट्याला त्याचे नाव दिले आहे.

शर्यत संपते ती सिएनाच्या पोटात. सान्ता कातेरीना ही दगडी फरसबंदीची गल्ली दोन्ही बाजूंच्या उंच जुन्या घरांमधून चढते. चढ काही ठिकाणी शेकडा १६ पर्यंत जातो. ती संपली की एकदोन वळणांनंतर एकाएकी काम्पो हा शिंपल्याच्या आकाराचा उतरता चौक समोर उघडतो. त्याच्या विटांच्या फरशीचे पांढऱ्या रेषांनी नऊ भाग पाडले आहेत. १२८७ ते १३५५ या काळात राज्य करणाऱ्या ‘नऊ जणां’च्या मंडळाची ही खूण. चौकातल्या राजवाड्यात अम्ब्रोजो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ मध्ये सुराज्य आणि कुराज्य यांची भित्तिचित्रे काढली. आमच्या कलेच्या इतिहासाच्या तासाला हे चित्र पडद्यावर आले तेव्हा मी जागच्या जागी सरसावून बसलो. सुराज्याच्या चित्रात नगराच्या वेशीतून एक रस्ता बाहेर पडतो, गाढवांवर ओझी येत आहेत, एक शेतकरी डुक्कर हाकीत शहराकडे चालला आहे, पलीकडे मळणी चालू आहे, द्राक्षवेली आहेत. टेकड्या त्याच! समोरच्या कुराज्यात शेते ओसाड आहेत आणि रस्त्यावर फक्त सैनिक. चित्रकाराच्या लेखी चांगल्या राज्याची पहिली खूण म्हणजे माणूस निर्धास्तपणे रस्त्याने जाऊ शकतो ही. त्यानंतर दहा वर्षांच्या आत, १३४८ मध्ये, प्लेगने हे शहर निम्म्याहून अधिक ओस पाडले, असे इतिहासकार मानतात.

एक गोष्ट मला राहून राहून खटकते. आमच्या वाडीच्या रस्त्यावर डांबर पडले त्या दिवशी नारळ फुटला, पेढे वाटले गेले. त्याआधी पावसाळ्यात बाळंतिणीला बैलगाडीतून न्यावे लागे. डांबर नको म्हणणारा माणूस आमच्या वाडीत उभा राहिला असता तर त्याला वेड्यात काढले असते, आणि ते योग्यच झाले असते. तोस्कानातही जो बाराही महिने तेथे राहतो, त्याच्या खिडकीत उन्हाळाभर धूळ येते आणि त्याच्या मोटारीचे स्प्रिंग मोडतात. ऑक्टोबरात एक दिवस येणाऱ्याला ते सोसावे लागत नाही. तरीही मला लेरोइकावाल्यांचे म्हणणे पटते, कारण तेथे मुख्य रस्ते डांबरी आहेतच, दवाखाना त्यांच्यावरून गाठता येतो. प्रश्न उरल्यासुरल्या आडवाटांचा आहे, आणि त्या वाटांवर मोटारी वेगाने धावल्या तर त्यांचे काय होईल, हे आपल्या घाटातल्या रस्त्यांवर रोज दिसते.

आपल्यापैकी कोणी कधी शिष्यवृत्तीवर वा नोकरीनिमित्त तिकडे गेलाच, तर ऑक्टोबरच्या फेरीसाठी थांबायचे कारण नाही. २०९ किलोमीटरांच्या वाटेवर कायमच्या पाट्या लावलेल्या आहेत आणि ती वर्षभर खुली असते. ऑगस्टचे ऊन टाळावे. मे महिना उत्तम, कारण त्या वेळी गहू उभा असतो. ब्वोनकोन्वेन्तो या तटबंदीच्या गावी जरूर थांबावे. इंग्लंड-फ्रान्सहून रोमला जाणारे यात्रेकरू मध्ययुगात याच वाटेने पायी जात, आणि सम्राट सातवा हेन्री १३१३ मध्ये येथेच वारला. पाणी मात्र भरपूर बरोबर घ्यावे. क्रेतेच्या टेकड्यांवर सावली फारशी मिळत नाही. आहेत ती सुरूची झाडे, उंच, सरळ आणि बोटाएवढ्या सावलीची.