शिक्षक-प्रशिक्षण आणि विद्यार्थ्यांची संपादणूक : संशोधन काय सांगते?

१. उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस,
• शिक्षक-प्रशिक्षण व विद्यार्थ्यांची संपादणूक यांतील संबंध तपासताना येणाऱ्या अडचणी सांगता येतील.
• या विषयावरील काही महत्त्वाच्या संशोधनांचे निष्कर्ष स्पष्ट करता येतील.
• प्रशिक्षण केव्हा परिणामकारक ठरते व केव्हा ठरत नाही, याची कारणमीमांसा करता येईल.

२. प्रस्तावना

चौथीत पोहोचलेल्या मुलाला दुसरीच्या पुस्तकातील उतारा वाचता येत नाही, असे आढळले की त्यावर बहुधा एकच उपाय सुचवला जातो : शिक्षकांना प्रशिक्षण द्यावे. हा उपाय इतका स्वाभाविक वाटतो की तो तपासून पाहावा, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परिपत्रक निघते, प्रशिक्षणवर्ग भरतात, हजेरीपत्रकावर सह्या होतात आणि इतके शिक्षक प्रशिक्षित झाले, असा अहवाल वरिष्ठांकडे जातो. त्या अहवालात शिक्षकांची संख्या असते. मुलांना काय येऊ लागले, याची नोंद बहुधा नसते. आपल्यापैकी काही जण स्वतः शिक्षक असतील, काही पालक असतील. या दोघांच्याही दृष्टीने खरा प्रश्न हाच आहे की, प्रशिक्षणामुळे मुलाच्या शिकण्यात काही फरक पडतो का आणि पडत असेल, तर तो कशामुळे?

प्रथम काही संज्ञा पाहू. विद्यार्थ्याने शालेय विषयांत प्रत्यक्ष मिळवलेल्या ज्ञानाला व कौशल्याला 'संपादणूक' म्हणतात. ती चाचणीने मोजली जाते. नोकरीपूर्वी घेतलेले डी.एल.एड., बी.एड. यांसारखे शिक्षण हे 'सेवापूर्व प्रशिक्षण' होय, तर नोकरीत असताना मिळणारे प्रशिक्षण हे 'सेवांतर्गत प्रशिक्षण' होय. या घटकात मुख्यतः सेवांतर्गत प्रशिक्षणाचा विचार केला आहे.

३. विषय-विवेचन

३.१ प्रश्न अवघड का आहे?

प्रशिक्षित शिक्षकांच्या शाळेतील मुलांना अधिक गुण मिळतात, एवढे दिसले म्हणून प्रशिक्षणामुळे गुण वाढले, असे म्हणता येत नाही. अशा शाळा कदाचित शहरात असतील, तेथील पालक शिकलेले असतील, घरी पुस्तके असतील. याच्या उलटही घडू शकते. ज्या शाळांचे निकाल कमी, त्याच शाळांतील शिक्षकांना शासनाने प्रशिक्षणासाठी निवडले, तर प्रशिक्षण घेतलेल्या शाळा मागे आहेत, असे चित्र दिसेल. दोन गोष्टी एकत्र आढळणे हा 'सहसंबंध' होय. एकीमुळे दुसरी घडणे हा 'कार्यकारणसंबंध' होय. या दोहोंतील भेद विसरला की संशोधनाचा चुकीचा अर्थ लावला जातो.

ही अडचण दूर करण्यासाठी संशोधक अनेकदा 'यादृच्छिक निवड' वापरतात. पुष्कळशा शाळांमधून चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे काही शाळा निवडून तेथे प्रशिक्षण दिले जाते. त्यांना 'प्रायोगिक गट' म्हणतात. उरलेल्या शाळा पूर्वीप्रमाणेच चालतात; त्यांना 'नियंत्रित गट' म्हणतात. निवड योगायोगाने झालेली असल्यामुळे दोन्ही गट सुरुवातीला सर्वसाधारणपणे सारखे असतात. म्हणून पुढे दिसणाऱ्या फरकाचे श्रेय प्रशिक्षणाला देता येते.

हा फरक बहुधा 'प्रमाण विचलन' या एककात सांगतात. त्याचा अर्थ असा समजून घ्यावा : शंभर मुले गुणांच्या क्रमाने उभी केली आहेत. त्यांतील अगदी मध्यावरच्या मुलाचे गुण ०.१२ प्रमाण विचलनाने वाढले, तर ते सुमारे पाच मुलांना मागे टाकते, ०.२४ ने वाढले, तर सुमारे नऊ मुलांना.

३.२ शिक्षकाचा प्रभाव आणि शिक्षकाचे प्रमाणपत्र

या विषयाची आधुनिक चर्चा अमेरिकेत १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोलमन अहवालापासून सुरू होते. समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली सहा लाखांच्या आसपास विद्यार्थ्यांची पाहणी झाली. मुलांच्या संपादणुकीतील फरकांचा संबंध शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीशी अधिक आहे, असे त्यात आढळले. पुढे १९८३ मध्ये हेनमन आणि लॉक्सली यांनी २९ देशांतील माहितीचा अभ्यास केला. देश जितका गरीब, तितका शाळेचा व शिक्षकाचा मुलांच्या संपादणुकीवरील प्रभाव मोठा, असा त्यांचा निष्कर्ष होता. ज्या घरात अक्षरओळख करून देणारे कोणी नाही, त्या घरातील मुलासाठी शिक्षक हाच मुख्य आधार असतो, असा त्याचा अर्थ लावता येईल.

रिव्हकिन, हनुशेक आणि केन यांनी टेक्सास राज्यातील माहितीच्या आधारे २००५ मध्ये आणखी एक बाब पुढे आणली. एका शिक्षकाच्या हाताखाली मुले बरीच शिकतात आणि दुसऱ्याच्या हाताखाली कमी, हा फरक मोठा असतो. मात्र शिक्षकाची पदवी किंवा अनुभवाची वर्षे पाहून तो फारसा ओळखता येत नाही. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत अनुभवाचा लाभ दिसतो, नंतर तो वाढत जाताना दिसत नाही. चांगला शिक्षक महत्त्वाचा आहे, हे खरे. पण त्याचे चांगलेपण त्याच्या प्रमाणपत्रावर लिहिलेले नसते.

३.३ दोन शहरे, दोन निष्कर्ष

जेरुसलेममधील काही शाळांतील शिक्षकांना १९९० नंतरच्या दशकात शिकवण्याच्या पद्धतीवर भर देणारे सेवांतर्गत प्रशिक्षण देण्यात आले. अँग्रिस्ट आणि लावी यांनी त्या शाळांची तुलना त्यांच्यासारख्याच इतर शाळांशी केली. धर्मनिरपेक्ष शाळांत मुलांचे गुण वाढल्याचे त्यांना आढळले (२००१). वर्गातील पटसंख्या कमी करण्यापेक्षा किंवा शाळेचे तास वाढवण्यापेक्षा हा मार्ग कमी खर्चाचा ठरू शकतो, असेही त्यांनी म्हटले.

शिकागोतील निष्कर्ष वेगळा होता. तेथे १९९६ मध्ये वाचनाच्या राष्ट्रीय निकषापर्यंत पोहोचलेली मुले १५ टक्क्यांहून कमी असलेल्या शाळांना विशेष देखरेखीखाली आणून शिक्षक-प्रशिक्षणासाठी साहाय्य देण्यात आले. या रेषेच्या किंचित खाली असलेल्या आणि किंचित वर असलेल्या शाळा जवळपास सारख्याच होत्या. जेकब आणि लेफग्रेन यांनी त्यांची तुलना केली, तेव्हा प्रशिक्षणात केलेल्या माफक वाढीचा वाचनावर किंवा गणितावर दखल घेण्याजोगा परिणाम दिसला नाही (२००४).

या दोन अभ्यासांत विरोध आहे असे प्रथमदर्शनी वाटते. वास्तविक 'प्रशिक्षण' हा एकच शब्द दोन्हीकडे वापरला असला, तरी त्यामागील कार्य, त्याचे प्रमाण आणि शाळांची परिस्थिती सारखी नव्हती. म्हणून प्रशिक्षण उपयोगी आहे का, असे विचारण्याऐवजी कोणत्या प्रकारचे प्रशिक्षण कोणत्या परिस्थितीत उपयोगी पडते, असे विचारणे अधिक योग्य ठरते.

३.४ सभागृहातील प्रशिक्षण आणि वर्गातील मार्गदर्शन

या प्रश्नाचे थेट उत्तर शोधणारा एक प्रयोग दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्थ वेस्ट प्रांतात झाला. तेथील बहुसंख्य मुलांची मातृभाषा सेट्स्वाना आहे आणि प्रयोगाचा विषयही मातृभाषेतील प्रारंभिक वाचन हाच होता. भाषेच्या अभ्यासकांनी म्हणूनच त्याकडे विशेष लक्ष द्यावे. सिलियर्स, फ्लेश, प्रिन्सलू आणि टेलर यांनी १८० शासकीय प्राथमिक शाळा यादृच्छिक पद्धतीने तीन गटांत विभागल्या. पहिल्या गटातील ५० शाळांच्या शिक्षकांना रोजच्या पाठांचे तयार नियोजन व वाचनसाहित्य मिळाले आणि वर्षातून दोनदा त्यांना एकत्र बोलावून प्रशिक्षण देण्यात आले. दुसऱ्या गटातील ५० शाळांना तेच नियोजन व तेच साहित्य मिळाले. मात्र प्रशिक्षणासाठी शिक्षकांना बाहेर नेण्याऐवजी वाचन-मार्गदर्शक दरमहा त्यांच्या वर्गात येत, पाठ पाहत आणि शिक्षकांशी चर्चा करीत. उरलेल्या ८० शाळा नियंत्रित गटात होत्या.

दोन वर्षांनंतर पहिल्या गटातील मुलांचे वाचन सुमारे ०.१२ प्रमाण विचलनाने सुधारले होते, तर दुसऱ्या गटातील मुलांचे ०.२४ ने, म्हणजे दुप्पट. वर्गातील मार्गदर्शनाला खर्च अधिक आला; पण त्या खर्चाच्या मानानेही लाभ जास्त होता. सभागृहात ऐकलेली पद्धत पटली, तरी वर्गात गेल्यावर अनेक व्यावहारिक प्रश्न उभे राहतात. एक गट वाचत असताना इतर मुलांनी काय करायचे? मागे पडलेल्या मुलासाठी थांबायचे की पुढे जायचे? हे प्रश्न वर्गातच पडतात आणि त्यांची उत्तरेही वर्गात, कोणाच्या तरी सोबतीने, अधिक सहज सापडतात.

३.५ भारतातील अनुभव

मुंबई व वडोदरा येथील महानगरपालिकेच्या शाळांत 'प्रथम' या संस्थेने 'बालसखी' हा उपक्रम चालवला. वस्तीतीलच माध्यमिक शिक्षण झालेल्या तरुणींना सुमारे दोन आठवड्यांचे प्रशिक्षण देण्यात आले. तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या मुलांचे लहान गट त्या रोज दोन तास घेत आणि वाचन व अंकगणिताची मूलभूत कौशल्ये शिकवीत. बॅनर्जी, कोल, दुफ्लो आणि लिंडन यांनी केलेल्या मूल्यमापनानुसार (२००७) मुलांच्या गुणांत पहिल्या वर्षी ०.१४ व दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलनाची वाढ झाली. हा लाभ मुख्यतः बालसखीकडे पाठवलेल्या मुलांना झाला.

यावरून दीर्घ व्यावसायिक प्रशिक्षण निरर्थक आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. बालसखीचे काम मर्यादित व स्पष्ट होते. अभ्यासक्रम पूर्ण करण्याचे ओझे तिच्यावर नव्हते आणि समोरचे मूल जेथे होते, तेथूनच सुरुवात करण्याची तिला मोकळीक होती. या मोकळिकीचे महत्त्व पुढील प्रयोगांत अधिक स्पष्ट झाले.

इयत्तेऐवजी मुलांच्या वाचनपातळीनुसार गट करून शिकवण्याची ही पद्धत शासकीय शाळांतील शिक्षकांना शिकवावी, असा प्रयत्न पुढे बिहार व उत्तराखंडमध्ये झाला. बिहारमध्ये २००८ च्या उन्हाळी सुट्टीत शासकीय शिक्षकांनी या पद्धतीने वर्ग घेतले, तेव्हा मुलांची प्रगती झाली. पुढे शालेय वर्षात मात्र केवळ प्रशिक्षण व साहित्य देऊन मुलांच्या संपादणुकीत फरक पडला नाही. शिक्षक शासकीय शाळांचेच होते, पद्धतही तीच होती. मग फरक कशाचा? शाळा सुरू झाली की शिक्षकांपुढे पाठ्यपुस्तक संपवण्याचे बंधन होते. नवी पद्धत त्यांना माहीत होती, पण वेळापत्रकात तिला जागा नव्हती.

हरियाणात २०१२-१३ मध्ये हा धडा लक्षात घेऊन रचना बदलण्यात आली. शाळेच्या दिवसात या कामासाठी एक तास राखून ठेवण्यात आला. ज्या अधिकाऱ्यांनी शाळांवर देखरेख करायची, त्यांनी आधी स्वतः काही दिवस मुलांना या पद्धतीने शिकवून पाहिले. परिणामी भाषेतील संपादणूक सुमारे ०.१५ प्रमाण विचलनाने वाढली. गणितात मात्र तशी वाढ दिसली नाही. पर्यवेक्षकाने पद्धत स्वतः अनुभवलेली असेल, तर शाळाभेटीत तो केवळ दप्तर तपासत नाही, शिकवण्याविषयी बोलू शकतो. आपल्याकडील केंद्रप्रमुखांच्या शाळाभेटी व केंद्रस्तरीय शिक्षण परिषदा यांच्याकडेही या दृष्टीने पाहता येईल.

सेवापूर्व प्रशिक्षणाबाबतही हाच विचार पुढे आला आहे. महाराष्ट्रातील डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेसंबंधीच्या वादातून सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्याचा अहवाल २०१२ मध्ये सादर झाला. त्यानंतरच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आणि शाळेतील आंतरवासितेचा कालावधी वाढला. मोजके सरावपाठ देऊन परतणाऱ्या छात्राध्यापकाला शाळेचा रोजचा व्यवहार कळत नाही, ही जाणीव या बदलामागे आहे.

३.६ निष्कर्षांच्या मर्यादा

पोपोव्हा, इव्हान्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी (२०२२) १४ देशांतील १३९ शासकीय प्रशिक्षण-कार्यक्रम तपासले. विशिष्ट विषयावर भर, प्रशिक्षणातच पाठ घेऊन पाहण्याची संधी आणि प्रशिक्षणाचा सेवेतील प्रगतीशी संबंध ही परिणामकारक कार्यक्रमांची वैशिष्ट्ये प्रत्यक्षातील बहुतेक कार्यक्रमांत अभावानेच आढळली. तरीही ही वैशिष्ट्ये म्हणजे सर्वत्र लागू पडणारे सूत्र नव्हे. एका प्रांतातील यश दुसरीकडे जसेच्या तसे उतरेलच, असे नाही.

दुसरी मर्यादा मापनाची आहे. वर उल्लेखिलेल्या बहुतेक अभ्यासांत वाचन व गणित यांच्या चाचण्या घेतल्या गेल्या. कविता ऐकताना मुलाच्या मनात जागी होणारी उत्सुकता, वर्गात प्रश्न विचारण्याचे धैर्य किंवा स्वतःच्या बोलीविषयीचा आत्मविश्वास या चाचण्यांत मोजला जात नाही. जे मोजले गेले नाही ते घडलेच नाही, असे समजू नये. त्याचप्रमाणे न मोजलेल्या यशाचा हवाला देऊन मुलाला वाचता येत नाही, या वस्तुस्थितीकडे दुर्लक्षही करू नये.

४. सारांश

शिक्षकाचा मुलाच्या संपादणुकीवर मोठा प्रभाव पडतो, विशेषतः घरी शैक्षणिक आधार नसलेल्या मुलांवर. मात्र प्रमाणपत्रे व प्रशिक्षणाचे दिवस मोजून तो प्रभाव सांगता येत नाही. प्रशिक्षण मुलापर्यंत पोहोचते ते वर्गातील बदलाच्या मार्गाने. त्यासाठी शिकवलेली पद्धत नेमकी असावी लागते, ती वापरण्यासाठी वेळापत्रकात जागा असावी लागते आणि वापरताना शिक्षकाला जाणकाराची सोबत मिळावी लागते. यांपैकी काहीच दिले नाही आणि मुले शिकली नाहीत, तर त्याचा दोष एकट्या शिक्षकावर टाकणे न्याय्य ठरणार नाही.

५. स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. सहसंबंध व कार्यकारणसंबंध यांतील भेद शिक्षक-प्रशिक्षणाचे उदाहरण देऊन स्पष्ट करा.
२. दक्षिण आफ्रिकेतील प्रयोगात दोन गटांना मिळालेल्या साहाय्यात कोणते साम्य व कोणता भेद होता? परिणामांतील फरकाची कारणे सांगा.
३. बिहारमध्ये सुट्टीतील वर्ग यशस्वी झाले. शालेय वर्षात मात्र प्रशिक्षण व साहित्य यांचा परिणाम का दिसला नाही?
४. आपल्या परिचयातील एखाद्या शिक्षकाशी बोलून त्यांनी घेतलेल्या शेवटच्या प्रशिक्षणातील कोणती गोष्ट वर्गात वापरता आली व कोणती आली नाही, याची कारणांसह एका पानात नोंद करा.