माशांतील स्वादुपिंडीय संप्रेरके आणि चयापचय : भंडारा जिल्ह्यातील मत्स्यसंवर्धनाच्या संदर्भात

प्रस्तावना :
भंडारा हा तलावांचा आणि भाताचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. येथील मालगुजारी तलावांवर ढिवर समाजातील अनेक कुटुंबांची उपजीविका अवलंबून आहे. रोहू, कटला व मृगळ या माशांना पूरक खाद्य म्हणून भाताचा कोंडा आणि तेलबियांची पेंड देण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. कोंडा कर्बोदकांनी समृद्ध व स्वस्त, तर पेंड प्रथिनांनी समृद्ध व महाग असते. साहजिकच खाद्यात कोंड्याचे प्रमाण वाढविण्याकडे कल असतो. ही वाढ कोठवर हितावह ठरेल, याचे उत्तर माशाच्या स्वादुपिंडात शोधावे लागते.

स्वादुपिंडाची रचना :
सस्तन प्राण्यांत लँगरहान्सची द्वीपे संपूर्ण स्वादुपिंडात विखुरलेली असतात. अनेक अस्थिमत्स्यांत मात्र ती एकत्र येऊन पित्ताशयाजवळ स्वतंत्र पिंड तयार होतात. त्यांना ब्रोकमन पिंड म्हणतात. या रचनेमुळेच मॅक्लिऑड यांना १९२२ मध्ये सागरी माशांच्या साहाय्याने इन्शुलिनचा उगम द्वीपपेशींत आहे, पाचक ग्रंथीत नाही, हे दाखविता आले. माशांच्या द्वीपपेशींतून इन्शुलिन, ग्लुकागॉन व सोमॅटोस्टॅटिन ही प्रमुख संप्रेरके स्रवतात.

संप्रेरकांचे कार्य :
मानवात इन्शुलिनच्या स्रावास मुख्यतः ग्लुकोज चालना देते. अनेक माशांत मात्र आर्जिनिनसारखी अमिनो आम्ले अधिक प्रभावी ठरतात. त्यामुळे माशांतील इन्शुलिन हे रक्तशर्करेच्या नियंत्रकापेक्षा प्रथिननिर्मिती व वाढ यांचे संप्रेरक म्हणून अधिक महत्त्वाचे आहे. ग्लुकागॉन यकृतातील ग्लायकोजेनचे विघटन व नवशर्करानिर्मिती वाढविते. जी.एल.पी.-१ हे पेप्टाइड सस्तन प्राण्यांत रक्तशर्करा कमी करण्यास साहाय्य करते, परंतु माशांच्या यकृतावर ते ग्लुकागॉनप्रमाणेच कार्य करते.

मांसाहारी माशास ग्लुकोज दिल्यास वाढलेली रक्तशर्करा अनेक तास उतरत नाही. तथापि या स्थितीस मधुमेह म्हणणे योग्य नव्हे. माशांच्या रक्तात इन्शुलिनची उणीव नसते. स्नायूंकडून ग्लुकोजचे शोषण मंद असते आणि आहारानंतरही यकृतातील नवशर्करानिर्मिती पुरेशी थांबत नाही, ही त्यामागील प्रमुख कारणे मानली जातात.

अन्य शीतरक्ती पृष्ठवंशी :
लँप्रेसारख्या जबडाविरहित प्राण्यांच्या द्वीपांगात इन्शुलिन व सोमॅटोस्टॅटिन आढळते, तर ग्लुकागॉन निर्माण करणाऱ्या पेशी आतड्यात असतात. सरड्यांच्या द्वीपांत ग्लुकागॉनपेशींचे प्राबल्य असते व रक्तशर्करा तुलनेने उच्च राहते. उत्तर अमेरिकेतील वनबेडूक तर गोठण्यापासून संरक्षण म्हणून शरीरात ग्लुकोजचा प्रचंड साठा करतो. संप्रेरके समान असली, तरी त्यांचा उपयोग प्राण्याच्या जीवनपद्धतीनुसार बदलतो.

स्थानिक महत्त्व :
रोहू व मृगळ यांना जठर नसते. मात्र त्यांचे आतडे लांब असून अमायलेजची क्रियाशीलता चांगली असते. म्हणून ते कोंड्यातील कर्बोदकांचा ऊर्जेसाठी उपयोग करू शकतात आणि त्यायोगे महाग प्रथिने वाढीसाठी वाचतात. परंतु केवळ कोंड्यावर भिस्त ठेवल्यास अमिनो आम्लांचा पुरवठा अपुरा पडतो व इन्शुलिनच्या वाढपोषक कार्यास आधार राहत नाही. मरळ, मागूर यांसारख्या मांसाहारी माशांना तर कोंड्यावर वाढविता येत नाही.

तापमानाचा विचारही आवश्यक आहे. हिवाळ्यात पाणी थंड झाले की चयापचय मंदावतो व ग्लुकोजचा वापर आणखी सावकाश होतो. अशा वेळी नेहमीइतकेच खाद्य टाकल्यास ते न खाल्ले जाता तळाशी कुजते आणि पाण्यातील प्राणवायू घटतो. उन्हाळ्यात पाणी आटलेल्या उथळ तलावांत हा धोका अधिक वाढतो.

निष्कर्ष :
कोंडा व पेंड यांचे प्रमाण माशाच्या जातीनुसार आणि खाद्याची मात्रा ऋतूनुसार ठरविणे, हा स्वादुपिंडीय संप्रेरकांच्या अभ्यासातून मिळणारा व्यावहारिक बोध होय. खाद्याचा खर्च व मत्स्योत्पादन यांचा मेळ त्यावरच अवलंबून आहे. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांना या दिशेने स्थानिक जातींवर संशोधन करण्यास मोठा वाव आहे.