लेकरांची सहल आणि मुक्कामाची खोली

दिवाळीचा बोनस हाती आला किंवा मे महिन्याची सुट्टी लागली, की घरोघरी मुलांची एकच मागणी सुरू होते, "आम्हाला मोठ्या पाळण्यांच्या पार्कात न्या!" एके काळी मुंबईच्या मुलांचा हा हट्ट गोराईच्या एस्सेलवर्ल्डने पुरवला. ते १९८९ साली सुरू झाले होते. मार्वेहून बोटीने खाडी ओलांडायची, दिवसभर खेळायचे आणि रात्री आपल्या घरी येऊन झोपायचे. मुक्कामाचा प्रश्नच नव्हता. पुढे २०१३ साली रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिका सुरू झाले. २०१४ साली तेथेच वॉटर पार्कही झाले. आता मुंबई-पुण्याचीच नव्हे, तर नाशिक, सोलापूर, नागपूरकडची कुटुंबेही तेथे येतात. इतक्या दूर लहान लेकरांना न्यायचे म्हणजे रात्रीचा मुक्काम आलाच.

सहल ठरली, की आपण तिकिटाची चौकशी दहा जणांकडे करतो. पण रात्री मुलांना कोठे निजवायचे हे मात्र शेवटच्या दिवशी घाईघाईने ठरवतो. आमची पहिली सहल नेमकी याच चुकीमुळे फसली. तो अनुभव इतरांच्या कामी यावा, म्हणून येथे सांगत आहोत.

आम्ही दोघे, तीन मुले आणि आजी असे सहाजण निघालो. थोरली नऊ वर्षांची, मधला सहा वर्षांचा, धाकटी अडीच वर्षांची. मोबाईलवर फोटो पाहून सर्वांत स्वस्त खोली ठरवली. भाडे ८०० रुपये. तेथे पोहोचलो तर खोली तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. आजींचे गुडघे दुखणारे, धाकटी कडेवर. खालच्या मजल्यावर लग्नाचा हॉल. रात्री साडेबारापर्यंत बँड वाजत होता. सकाळी सहाजणांत गरम पाण्याची एकच बादली मिळाली. पार्क "अगदी जवळ" आहे असे सांगितले होते, ते बारा-तेरा किलोमीटर निघाले. रिक्षाने जाताना ५०० आणि येताना ६०० रुपये गेले. म्हणजे ८०० ची खोली आम्हाला १,९०० रुपयांना पडली.

पैशाचे दुःख एकवेळ विसरता येते. पण रात्रभर न झोपलेली धाकटी दुपारी दोन वाजताच रडून बेजार झाली. तिला मांडीवर घेऊन तिची आई संध्याकाळपर्यंत एका झाडाखाली बसून राहिली. वर्षभर पै पै साठवून तिकीट काढले, आणि तिचा सारा दिवस असा गेला. परतताना ती एवढेच म्हणाली, "अहो, पुढच्या वेळी खोली मी बघते."

दोन वर्षांनी पुन्हा जायचे ठरले, तेव्हा खोली तिनेच पाहिली. थोरलीच्या वहीच्या मागच्या पानावर तिने प्रश्न लिहून काढले आणि एकेक लॉजला फोन लावले. पुढे जे सांगत आहोत, ते बहुतेक त्या पानावरचेच आहे.

मुक्काम हवाच का?

पहिला प्रश्न तिने आम्हालाच विचारला. मुले खरोखर किती वेळ खेळणार आहेत? थीम पार्कातल्या पाळण्यांवर वयापेक्षा उंची पाहून प्रवेश देतात. नायट्रोसारख्या उंच रोलर कोस्टरवर लहान मुलांना घेतच नाहीत. म्हणून निघण्यापूर्वी घरच्या दाराशी मुलांना उभे करून टेपने उंची मोजावी आणि पार्ककडे फोन करून आपल्या मुलांना काय काय खेळता येईल ते विचारावे. मुलाचे तिकीटही पुष्कळ ठिकाणी उंचीवरच ठरते. पाच वर्षांच्या आतील लेकरांना एक दिवस पुरतो. दोन दिवसांची तिकिटे काढून त्यांना फरफटत नेण्यात अर्थ नाही.

पनवेल, कर्जत किंवा बदलापूरला राहणाऱ्यांना सकाळी निघून रात्री परतता येईल. पण पार्क साधारण अकराच्या सुमारास उघडते आणि संध्याकाळपर्यंत चालते. म्हणजे दूरच्या माणसांना परतीचा प्रवास पेंगणाऱ्या मुलांना घेऊन रात्रीच करावा लागतो. मुले फार लहान असतील, तर आदल्या संध्याकाळी जाऊन मुक्काम करावा, सकाळी ताजेतवाने होऊन पार्कात जावे आणि रात्री घरी परतावे. एकच मुक्काम करायचा असेल, तर तो आदल्या रात्री करणे आम्हाला अधिक सोयीचे वाटले.

कोठे राहावे?

पार्कच्या आवारातच मोठे हॉटेल आहे. ते २०१५ साली सुरू झाले. तेथे राहिल्यास दुपारी मुलाला खोलीवर नेऊन निजवता येते, ही त्याची खरी सोय. परंतु आपल्यासारख्या मिळकतीच्या घराला ते भाडे जड जाते. ज्यांना परवडते त्यांनी जरूर राहावे. ज्यांना परवडत नाही त्यांनी मन खट्टू करू नये. मुलांना हॉटेलचा झगमगाट नको असतो, झोप हवी असते.

दुसरी जागा खोपोली गाव. मध्य रेल्वेचा कर्जतहून फुटणारा फाटा खोपोलीला संपतो. मुंबईहून थेट लोकल मोजक्याच आहेत. नाहीतर कर्जतला गाडी बदलावी लागते. बोरघाटाच्या पायथ्याच्या या गावात साधी लॉज आहेत आणि बाजार, औषधाचे दुकान, डॉक्टर जवळ आहेत. लहान मूल बरोबर असताना ही मोठी गोष्ट आहे.

तिसरी जागा लोणावळा. तेथे हवा चांगली आणि खोल्याही पुष्कळ. पण लोणावळा घाटावर आणि पार्क घाटाखाली, हे विसरू नये. नकाशावर अंतर थोडे दिसते. मात्र रेल्वेने यायचे तर खाली कर्जतला उतरून खोपोलीची गाडी धरावी लागते. शनिवार-रविवारी, आणि पावसाळ्यात तर फारच, घाटात वाहनांची रांग लागते आणि खोल्यांचे भाडे चढते.

खोपोली-पाली हा रस्ता अष्टविनायकाच्या यात्रेचाही आहे. महड आणि पाली ही दोन्ही स्थाने याच भागात आहेत. संकष्टी, अंगारकीला आणि माघ महिन्यात तेथे मोठी गर्दी असते. कॅलेंडर पाहून आडवार निवडावा. रजा मिळत असेल, तर मंगळवार ते गुरुवार उत्तम.

फोनवर काय विचारावे?

खोली कोणत्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट आहे का? संडास-न्हाणी खोलीतच आहे का? गरम पाणी किती ते किती वाजेपर्यंत मिळते? रात्री-अपरात्री दूध गरम करून मिळेल का? कितव्या वर्षापर्यंत मुलाचे भाडे नाही आणि जादा गादीचे किती? खाली किंवा शेजारी लग्नाचा हॉल आहे का? पार्कपर्यंत किती किलोमीटर आणि जाण्या-येण्याचे वाहन किती घेते? खोली किती वाजता ताब्यात मिळते आणि किती वाजता सोडायची? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. काही ठिकाणी चोवीस तासांचा हिशेब असतो, तर काही ठिकाणी सकाळी दहाला खोली सोडावी लागते. मग सामान दिवसभर ठेवून घेतील का, हेही आधीच विचारावे.

भाडे विचारताना "कर धरून एकूण किती?" असेच विचारावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे. ठरलेली रक्कम आणि मजला मोबाईलवर लिहून मागवावा. तोंडी बोलणे दारात बदलते; लिहिलेले बदलत नाही. आगाऊ पैसे पाठवण्यापूर्वी लॉज खरोखर आहे की नाही याची खातरजमा करावी. खोट्या जाहिराती देऊन पैसे उकळणारे पुष्कळ आहेत. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे. ग्राहक म्हणून तक्रार असेल, तर १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाईनचा क्रमांक आहे.

इतके प्रश्न विचारायला आपल्याला संकोच वाटतो. समोरचा काय म्हणेल, अशी भीती वाटते. पण पैसे आपल्या कष्टाचे आहेत. विचारणाऱ्याला जो नीट उत्तर देतो, तो सहसा पाहुण्यालाही नीट वागवतो. जो फोनवरच खेकसतो, त्याच्याकडे लेकरे घेऊन जाऊ नये.

आईलाही सुट्टी हवी

काही ठिकाणी स्वयंपाकघरासह खोली मिळते. स्टोव्ह, भांडी सारे असते. हिशेबाला ते स्वस्त दिसते. पण तेथे पहाटे उठून पोळ्या कोण लाटणार? घरी जी लाटते तीच! मग तिची सहल कसली? तान्ह्या बाळाची पेज किंवा दूध करण्यापुरती सोय असावी. बाकी जेवण साध्या खाणावळीत घ्यावे. पार्कात बाहेरचे खाणे सहसा नेऊ देत नाहीत, तान्ह्या बाळाचे मात्र चालते. तेव्हा सकाळी मुलांना पोटभर खाऊ घालूनच निघावे. उपाहारगृहाच्या बिलात सेवा शुल्क लावले असेल, तर ते देणे बंधनकारक नाही, हेही माहीत असावे.

वाचवायचेच तर प्रवासात वाचवावे. एस.टी.त १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही अर्धे तिकीट पडते, आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांचा प्रवास मोफत आहे. येथे वाचलेल्या पैशातून तळमजल्याची खोली घेता येते.

खोलीत पाय ठेवताच आईवडिलांनी आधी गॅलरीचा कठडा, खिडकीचे गज आणि खाली असलेले विजेचे बटण पाहावे. लॉजला पोहण्याचा तलाव असेल, तर पाणी गुडघाभर दिसले तरी लहान मुलाला हाताच्या अंतराबाहेर जाऊ देऊ नये.

दुसऱ्या वेळी आम्ही खोपोलीत तळमजल्यावर राहिलो. भाडे पहिल्यापेक्षा साडेतीनशे रुपये जास्त होते. पण वाहनाचे पैसे अर्ध्यावर आले. मुले रात्री नऊलाच झोपली. दुसऱ्या दिवशी मुलांच्या आईने मधल्याला घेऊन पाळण्यात बसून घेतले आणि खाली उभ्या आम्हाला हात हलवून दाखवला.

मात्र मनात राहिली ती आदल्या रात्रीची गोष्ट. आजींनी सारे आयुष्य बांधकामावर पाट्या उचलल्या. त्या रात्री पांढऱ्या चादरीवर हात फिरवत त्या म्हणाल्या, "आजवर घराबाहेर रात्र काढली ती कोणाच्या लग्नात, नाहीतर दवाखान्यात. नुसतं झोपायला म्हणून खोली घेतली, ती आजच."

बंधू-भगिनींनो, सहल ही चैन नव्हे. वर्षभर राबणाऱ्या घराने दोन दिवस एकत्र हसावे, यासाठी ती असते. तेव्हा पाळण्याचे तिकीट काढण्यापूर्वी वहीचे एक पान घ्या, प्रश्न लिहा आणि फोन लावा. घरातले सर्वांत लहान आणि सर्वांत थकलेले माणूस जेथे शांत झोपेल, तीच खोली आपली समजा.